पावडरीचं चांदणं

यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये छाती चपटी झाली, तशा आत्याबाई फोटो काढणाऱ्या मुलीला म्हणाल्या की एवढं घट्ट तर त्यांना ह्यांनीही कधी धरलं नव्हतं. मुलीला हसू आवरेना, आत्याबाईही हलल्या, आणि फोटो पुन्हा काढावा लागला.

बाहेर भाची बसली होती. आंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली, हे आत्याबाईंनी तिला चहा गाळता गाळता सांगितलं होतं. तिने त्यांना ओढतच इथे आणलं.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी दोघींना आत बोलावलं. संगणकाने फोटोवर संशयाच्या जागी बारीक त्रिकोण काढले होते. एखाददुसरा नव्हे, चांदणंच पडलं होतं. भाचीचा चेहरा उतरला.

डॉक्टरीणबाईंनी मात्र चष्मा कपाळावर चढवला आणि पावडर लावलीय का, असं विचारलं. पावडरीचे कण फोटोत आजाराच्या कणांसारखेच दिसतात आणि संगणक फसतो.

पावडर लावू नका, असं आधीच बजावलेलं होतं. आत्याबाई आधी साफ नाही म्हणाल्या. मग म्हणे डबा अंगावर सांडला. मग तो मांजराने सांडला, तेही शेजारणीच्या, एका डोळ्याने तिरळ्या. शेवटी म्हणाल्या,

"परक्या माणसांपुढे उघडं व्हायचं, तेही बिनपावडरीचं?"

धुऊनपुसून पुन्हा फोटो निघाले. आता एकही त्रिकोण नव्हता. आत्याबाईंनी लगेच पिशवी उचलली. एवढ्या हुशार यंत्राने पास केलं, आता थांबायचं कशाला?

डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवलं. नसलेलं दाखवतं तसं यंत्र कधी कधी असलेलंही सोडून देतं, म्हणाल्या.

"गाठ कुठे लागली होती?"

"गाठ नव्हतीच."

भाचीने वळून पाहिलं. ना डबा, ना मांजर. इतकी कोरडी थाप आत्याने उभ्या जन्मात मारली नव्हती. तिने आत्याच्या हातातली पिशवी हळूच काढून घेतली.

"आत्या, दाखव ना."

आत्याबाई जराशा घुटमळल्या. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंचं मनगट धरलं आणि जराही न चाचपडता हात नेमक्या जागी नेऊन ठेवला. डॉक्टरीणबाईंची बोटं फिरली, थांबली, पुन्हा फिरून तिथेच थांबली. त्यांनी शेजारच्या खोलीत सोनोग्राफीची तयारी करायला सांगितलं.

"हात फार गार आहेत हो तुमचे," आत्याबाई म्हणाल्या. पण मनगट काही त्यांनी सोडलं नाही.