मिटिपाचा राग

मिटिपा माझी सवत. नवरा एक, घरं दोन, मधे कुंपण. मी लग्न होऊन आले तेव्हा तिने भाजलेल्या डुकराची शेपटी दाताने तोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. एक घास असा वाटून खाल्ला की आमच्यात दोघींची नावं सुटतात. घासाचंच नाव दोघींना लागतं. मी तिची शेपटी, ती माझी शेपटी.

"शेपटे, उठलीस का गं?" रोज सकाळी कुंपणापलीकडून हाक यायची. मला मूलबाळ नाही, माहेर दोन डोंगर पलीकडे. हाक मारणारं दुसरं होतं कोण?

मग एकदा तिची डुकरीण माझ्या रताळ्यांत शिरली आणि अख्खा वाफा उकरून ठेवला. रागाच्या भरात मी चारचौघांत ओरडले, "मिटिपा, बांध तुझ्या डुकरिणीला!"

नाव घेतलं. जीभ चावली, पण काय उपयोग? खरं नाव तोंडातून गेलं की घासाचं नातं तुटतं. दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. पुढे नऊ महिने आली नाही. मीही ताठ्याची, माफी मागायला गेले नाही.

परवा मिटिपा तापाने पडली. राग पोटात दाबून ठेवला की माणूस आजारी पडतं. तो बोलून टाकायचा, ज्याच्यावर राग त्याने डुक्कर कापायचं, मग उतार पडतो. कोंत नावाचे थोरले दीर तिच्या उशाशी बसले. सगळी भावकी जमली आणि माझ्याकडेच बघायला लागली. खरं सांगते, माझंच नाव निघावं असं मला वाटत होतं. तिने मला शिव्या द्याव्यात. मग मी माझं डुक्कर कापीन, त्याची शेपटी काढून ठेवीन, पुन्हा वाटून खाऊ.

"बोल बाई, कुणाचा राग धरलायस?" दिरांनी विचारलं.

"ह्यांचा." तिने नवऱ्याकडे हनुवटी उडवली. "माझी पांढरी डुकरीण न विचारता पाहुण्यांना देऊन टाकली. वाढवली मी, मिरवले हे!"

बायका फिसकन हसल्या. नवरा खाली बघत म्हणाला, "चुकलं."

"आणि हिचा? हिने तुझं नाव घेतलं होतं ना?" दिरांनी माझ्याकडे बोट केलं.

मिटिपाने माझ्याकडे पाहिलं. तिला आठवायला वेळ लागला.

"हिचा कसला राग? ओरडली बिचारी. मी केव्हाच विसरले."

नवऱ्याने डुक्कर कापलं. चार दिवसांत ती हिंडूफिरू लागली. "सुटलीस बाई तू," असं मला जो तो सांगत होता.

आज सकाळी ती कुंपणाशी आली.

"बाई, रताळ्याचे वेल आहेत का गं लावायला?" शेपटे नाही, बाई.

मी तिची जाळीची पिशवी भरून वेल दिले. ती गेल्यावर घरात जाऊन खूप रडले. राग असता तर डुक्कर कापून काढता आला असता. आता काय कापू?