दांड्यापाशी बोट हळू होते

"आदिनाथ, पुढं सरक! अजून पुढं! पार नाकावर बस!"

पाशाभाई काठावरून ओरडत होते आणि मी चपला हातात घेऊन बोटीच्या टोकाला असा चिकटलो होतो, की मागून कुणी शिंकलं असतं तरी थेट धरणात. तरी बोटीचं नाक आभाळाकडंच. मागं नवं कोरं इंजिन नुसतं किंचाळत होतं, फेस उडत होता, आणि बोट चालली होती गाभण म्हशीसारखी.

"वल्ही मारली असती तर आतापत्तूर बाजार करून आलो असतो बे," काठावरून लखन म्हणाला. लखन म्हणजे आमच्या मच्छीमार संस्थेतलं नवं पोरगं, अंगात लई मस्ती, आणि त्याचा डोळा या बोटीवर होता हे सगळ्या गावाला ठाऊक.

थांबा, नीट सांगतो. माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे पलीकडच्या काठावर, सांडवाडीला. राहतो अलीकडं, गव्हाळीत. मध्ये माजलगावच्या धरणाचं पाणी. रस्त्यानं जायचं तर धरणाला वळसा, अर्धा दिवस मोडतो. म्हणून आम्ही सगळे संस्थेच्या बोटीनं जातो. सकाळी मासे, त्याच्यावर माणसं, माणसांच्या मांडीवर कोंबड्या, असा कारभार. आणि बोट चालवणार धुळाजीमामा. मला कळायला लागलं तेव्हापासून मामाच. धोतर, डोक्याला टॉवेल, बोलणं जवळपास नाहीच.

जुनं इंजिन म्हणजे शेतातल्या पाण्याच्या मोटारीचं डिझेल इंजिन. मामानंच कधीकाळी बोटीच्या पोटात बसवलेलं. ढुग-ढुग-ढुग. त्याचा आवाज इतका, की सांडवाडीच्या बाया बोट निम्म्यात असतानाच चहाला आधण ठेवायच्या. या दिवाळीनंतर ते फुटलं. संस्थेनं पेट्रोलचं नवं घेतलं, बोटीच्या मागच्या फळीला टांगायचं. मऊ आवाज, दिसायला एकदम भारी. आणि बोट आधीपेक्षा हळू!

संस्थेचे चेअरमन आप्पाराव, त्यांचं डोकं फिरलं. म्हणाले, "शुक्रवारी मी सोता बसनार. तवा जर बोट पळाली न्हाई तर इंजिनाची दांडी लखनच्या हातात. म्हाताऱ्याच्यानं नवं इंजिन झेपत न्हाई, झालं."

धुळाजीमामानं पाशाभाईंना माजलगावहून बोलावून घेतलं.

पाशाभाई पंपसेटचे मिस्त्री. बोटीचं इंजिन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उघडलं, आणि ते सांगतही होते सगळ्यांना, "मैं बी शिकतोय, गडबड करू नका." पण माणूस चिवट. आधी मला नाकावर बसवून बघितलं, मग म्हणाले, "आत्ता समजलं. जुनं इंजिन व्हतं मदी. हे टांगलं मागं. पेट्रोलचा डबा मागं, बॅटरी मागं, मासळीचे क्रेट मागं आन् मामा बी मागं. बुडावरच बसली ना बिचारी!"

मग डबा पुढं, बॅटरी पुढं, क्रेट पुढं. नाक खाली आलं. तरी इंजिन मध्येच मोकळं किंचाळायचं. तर ती मागची फळी उंच होती, त्यामुळं खालचा पंखा पाण्याच्या वरच्या थरातच फिरायचा आणि हवा गिळायचा. पाशाभाईंनी सुतार आणून फळी चार बोटं कापली, इंजिन खाली बसवलं. आणि काय सांगू तुम्हाला, बोट अशी सुटली की माझी टोपी गेली ती गेलीच, अजून धरणात असंल.

आम्ही सगळे खूश. मामाच्या तोंडावर पण काहीतरी हललं.

पण दुसऱ्या दिवशी नवीनच भानगड. बोट मस्त पळायची, पळायची, आणि कुसळीच्या दांड्यापाशी आली की हळू व्हायची. दांडा म्हणजे पाण्यात घुसलेली जमिनीची जीभ, निम्म्या वाटेवर. तिथं आलं की इंजिनाचा आवाज आपोआप खाली उतरायचा, दांडा मागं पडला की परत चढायचा. जाताना तेच, येताना तेच.

बोटीत तर चर्चेला ऊत आला.

"खाली जुनी इहीर हाय तिथं. वढती ती," एक आजी.

"इहीर कशाला वढंल? शेवाळ गुतत आसंल पंख्यात."

"मंग दांडा गेल्यावर शेवाळ काय उतरून जातं का, तिकीट संपलं म्हून?"

पाशाभाईंनी शेवाळ बघितलं, नव्हतं. पेट्रोलची नळी बघितली, प्लग बदलला, टाकीचं झाकण उघडं ठेवून बघितलं. काही नाही. गुरुवार उजाडला. दुपारी त्यांनी मला आणि मामाला तेवढं घेतलं, बाकी बोट रिकामी. पहिल्यांदा दांडी स्वतः धरली. दांडा आला, दांडा गेला, बोट सुसाट. आवाज कणभर उतरला नाही.

"आता तुमी चालवा, मामा."

मामानं दांडी धरली. पाशाभाई या वेळी पाण्याकडं बघत नव्हते, इंजिनाकडं पण नाही. ते मामाच्या मनगटाकडं बघत होते. म्हणून मी पण बघितलं.

तुम्ही कुणी हे इंजिन बघितलं नसंल. त्याची दांडी हातात धरायची, आणि दांडीच्या टोकाला मोटारसायकलसारखी मूठ. मूठ पिळली की रेस वाढते, उलटी फिरली की कमी. आता धुळाजीमामा जन्मात मोटारसायकलवर बसलेला नाही. जुन्या इंजिनाला रेसची दोरी होती, एकदा खिळ्याला गुंडाळली की विषय संपला, मग कुठंबी बघा. आणि मामा बघत होता. दांडा जवळ आला तसा तो हळूहळू डावीकडं वळला. आधी मान, मग खांदा, मग सगळं अंग. बोट सरळच राहिली, ते त्याच्या हाडातच आहे. पण अंगाबरोबर मनगट वळलं, मनगटाबरोबर मूठ, आणि इंजिन उतरलं. दांडा मागं गेला, मामा सरळ झाला, मूठ सरळ झाली, इंजिन चढलं.

मी पाशाभाईंकडं बघितलं. त्यांनी बोटानं मला गप्प राहायची खूण केली.

दांड्यावर एकच झोपडं आहे. तिथं कडूबाई राहतात. कडूबाई म्हणजे धुळाजीमामाची बायको.

ही गोष्ट गव्हाळीत सगळ्यांना माहीत आहे, पण मामासमोर कुणी काढत नाही. ते डिझेलचं इंजिन घ्यायला मामानं कडूबाईंच्या शेळ्या विकल्या होत्या. न विचारता. कडूबाई बाजाराला गेलेल्या, परत आल्या तर दावणीला नुसत्या दोऱ्या. त्या एवढंच म्हणाल्या म्हणे, की ऱ्हा मग त्या इंजिनासंगं, आणि भावाच्या रानात दांड्यावर जाऊन राहिल्या. दहा-बारा वर्षं झाली. मामा रोज चार वेळा त्यांच्या दारावरून जातो आणि त्यानं एकदाही तिथं बोट लावलेली नाही. आम्हाला वाटायचं, म्हातारा दगड आहे.

पाशाभाईंनी बोट मध्येच थांबवायला लावली. पान्हा घेतला, मुठीजवळ एक छोटा स्क्रू होता तो फिरवला.

"मामा, ह्यो आवळला की मूठ जागची हालत न्हाई. रेस एकदा लावली की लावली. मंग तुमी कितीबी मान वळवा, कुनाला काय कळनार न्हाई."

मामानं त्या स्क्रूवरून अंगठा फिरवला.

"तुला कळलं," तो म्हणाला.

"मला कुठलं? इंजिनाला कळलं."

"अन् ह्याला?" मामानं माझ्याकडं हनुवटी केली.

मी म्हणालो, "मामा, मी मोबाईल दुरुस्त करतो. लोकांच्या मोबाईलमधलं बाहेर सांगत फिरलो तर दुकान चालंल का?"

मामा हसला. खरंच हसला, दात दिसले.

शुक्रवारी आप्पाराव पांढरे कपडे घालून आले. मध्ये खुर्ची टाकून बसले, बोटीत खुर्ची! लखन त्यांच्या शेजारी, पाशाभाई, मी, आणि नेहमीची माणसं. बोट सुटली. काय पळत होती, आप्पारावांच्या सदऱ्याचा फुगा झाला होता. म्हणाले, "वा! आता वाटतंय इंजिन घेतलं म्हून." लखनचं तोंड उतरलेलं.

दांडा आला. मामा वळला. मूठ हलली नाही, आवाज उतरला नाही. मी मनात म्हणालो, जिंकलो. आणि मग मला दिसलं, की आपण काय करून बसलोय. कारण जुनं इंजिन रडत-खडत चालायचं, तेव्हा तो दांडा किती वेळ सोबत असायचा! झोपडं यायचं, दार यायचं, अंगण यायचं. आता सगळं एका झपाट्यात निघालं होतं.

कडूबाई पाण्याच्या कडेलाच उभ्या होत्या. कपाळावर हात धरून. पण आमच्याकडं तोंड नव्हतं त्यांचं. त्या मागं, गव्हाळीच्या दिशेला, रिकाम्या पाण्याकडं बघत होत्या.

आणि एकदम शांत झालं. इंजिन बंद.

"काय झालं बे?" आप्पाराव खुर्चीतून उठले.

"हेच मी म्हनत व्हतो!" लखन.

पाशाभाई इंजिनाकडं धावले, तर मामानं त्यांना हातानं अडवलं. "बिघडलं न्हाई. मी बंद केलं." त्यानं बांबू उचलला, तळाला टेकवला आणि बोट दांड्याकडं रेटायला लागला.

"धुळाजी, ट्रायल चालू हाय! टायम लावलाय मी!"

"लावा की."

बोट चिखलाला टेकली. मामा उतरला, गुडघाभर पाण्यात बोट धरून उभा राहिला. कडूबाई दचकून वळल्या. जवळ आल्यावर कळलं, त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. त्यांनी आम्हा सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. मी "काकू, जपून" म्हणालो, तसा गव्हाळीतला ओळखीचा आवाज म्हणून मलाच विचारलं. नवरा समोर उभा, पण बोलणं माझ्याशी.

"आदिनाथा, ते ढुग-ढुग कुठं गेलं रं?"

मी मामाकडं बघितलं. मामा पण माझ्याशीच बोलला. "सांग तिला, भंगारात गेलं."

"कवा?"

"सांग तिला, दिवाळी झाल्यावर."

कडूबाई म्हणाल्या, "त्यान्ला म्हनावं, हिकडं सांगावा धाडायचा व्हता. भाऊ गेलाय ऊसतोडीला, मला कोन सांगनार? आवाज बंद झाला तवापून मी हितंच बसून हाय. मला वाटलं, मानूस गेलं. आता कोनतरी येईल सांगाया, म्हून वाट बघत व्हते."

आप्पारावांनी घड्याळाचा हात खाली केला.

"सांग तिला," मामा म्हणाला, आणि पुढं काही आलंच नाही. मग मीच म्हणालो, "काकू, हायत की मामा. हे काय, समोरच हायत."

"ते दिसतंय धुरकट," कडूबाई म्हणाल्या. पदर नीट केला. मामा एक पाऊल पुढं आला, चिखलातून पाय निघाल्याचा आवाज झाला. त्यांनी 'या' म्हटलं नाही. वळून चढ चढायला लागल्या, आणि थोडं वर गेल्यावर, आमच्याकडं पाठ करूनच म्हणाल्या, "त्यान्ला म्हनावं, हे नवं लई मुकं हाय. जाताना कायतरी वाजवीत जा."

एवढंच. दार लागलं.

परत येताना आप्पाराव म्हणाले, ट्रायल निम्म्यात मोडली ती मोडली, संस्थेचा शब्द तो शब्द. सोमवारपासून दांडी लखनकडं गेली. पाशाभाई भांडले, मी भांडलो, मामा नाही भांडला. तो म्हणाला, माणसं चढवायला-उतरवायला कुणीतरी लागतंच की.

आता तो पुढं बसतो, नाकावर. दोन्ही हात मोकळे. पेट्रोलचा एक रिकामा पत्र्याचा डबा आणि लिंबाचं लाकूड घेतलंय त्यानं. दांडा यायच्या थोडं आधी सुरू करतो. घाई नाही, ताल नाही, दमानं एकेक ठोका. दांडा येतो. अंगणात कधी कुणी असतं, बहुतेक नसतं. मग मामा वाजवायचं थांबवतो आणि कान तिकडं करून बसतो.

तेवढ्यापुरतं बोटीत कुणी बोलत नाही. कोंबडी ओरडली तर बाया तिच्या डोक्यावर पदर टाकतात.

काल त्या इहिरीवाल्या आजीनं त्याला विचारलंच, "काय आलं का रं ऐकू?"

"न्हाई," मामा म्हणाला. "पर ती ऐकती."