मिठाच्या कोठाराची किल्ली

हरिहरपंत जोगळेकर कोठारात झोपले होते, हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळा घोटाळा झाला तो तिथेच.

सन १८८३चा वैशाख होता. ठाण्याच्या खाडीकाठी एका शेठजींची मिठागरं होती आणि त्यांच्या देखरेखीला पस्तिशीचे पंत कारकून म्हणून नौपाड्याहून रोज चालत येत. काठालगतचं कोठार फिरंग्यांच्या वेळचं. दगडी भिंती, वर दगडी कमान, आणि हवेला म्हणून छताखाली वीतभर रुंदीची एक फट. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी आत गार वाटायचं. त्या दिवशी दहाच्या सुमाराला पंत पाहणीचं निमित्त करून आत शिरले, मिठाच्या ढिगामागे रिकामी पोती पसरून आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला.

अमावास्या होती. दुपारी मोठं उधाण येणार म्हणून सगळे मजूर बांधावर माती टाकायला गेले होते. पहारेकरी राघोही निघाला. जाता जाता त्याने कोठाराचं दार लोटलं, कुलपात किल्ली फिरवली आणि ती कमरेला खोचून तो चालू लागला.

पंतांना जाग आली ती अंधारात. आधी त्यांना वाटलं, संध्याकाळ झाली. मग फटीतून येणारी उन्हाची तिरीप दिसली आणि काय झालं ते लक्षात आलं. ते चाचपडत दाराशी गेले. सागवानी दार, चार बोटं जाड, त्यावर लोखंडी पट्ट्या. ते बाहेर उघडायचं. त्यांनी खांदा लावला, धडका दिल्या. दार हललं नाही.

"राघो! अरे राघो!"

आवाज कमानीला लागून त्यांच्याच कानावर परत आला. हवा संपत चालली आहे असं त्यांना वाटलं. तशी ती संपत नव्हती, पण तेव्हा ते कोण सांगणार? ते ढिगावर चढू लागले. गुडघ्याने, कोपराने रेटत फटीपर्यंत पोचले, तोंड फटीला लावलं आणि जिवाच्या आकांताने ओरडले. त्यांच्या पायाखालून मीठ सुटलं. अर्धा ढीग सळसळत खाली गेला आणि थेट दारावर जाऊन पडला. पंतांचं तिकडे लक्षही गेलं नाही, कारण बांधावरून राघो धावत येताना दिसत होता.

"भाऊसाहेब? तुम्ही आत कसे?"

"ते मग सांगतो! आधी दार उघड!"

किल्ली कुलपात गेल्याचा आवाज आला. थोडी फिरली आणि थांबली. राघोने जोर केला. मग उलटी फिरवून पाहिली, ओढून पाहिली. किल्ली पुढे जाईना की बाहेर येईना. त्याने तिच्या कड्यात सळई घातली.

"नको! मोडेल ती!" पंत ओरडले.

राघो थांबला. "थॉमस लोहाराला आणतो," म्हणाला. "आलोच."

"जाऊ नकोस रे! माणसांना बोलाव, कुऱ्हाड आण!"

"बांध फुटायला आलाय, भाऊसाहेब. तिथून एक माणूस हलला तर सगळं पाणी इकडंच येणार."

तो गेला. पंत ढिगावरून उतरले आणि दाराजवळ मिठात बसून राहिले. कुलपाच्या भोकात किल्ली होती, म्हणून तिथूनही उजेड येत नव्हता. त्यांनी रामरक्षा म्हणायला सुरुवात केली आणि चौथ्या श्लोकाला ते अडखळले. लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्र आठवेना, याची त्यांना अंधारापेक्षा जास्त धास्ती वाटली. तेवढ्यात पायाला गार लागलं. हात लावून पाहिलं तर पाणी. उंबऱ्याखालून ते मुकाट्याने आत येत होतं. बांध फुटला होता.

पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा दाराबाहेर बाईचा आवाज आला.

"आत कोन हाय?"

"मी, जोगळेकर! थॉमस आला का?"

"थॉमस कल्याणला गेलाय, रेलवेच्या कामावर. मी त्याची बायको, बिट्रिस."

"बाई, तुम्हांला कुलपातलं काय कळणार?"

"तीस वरसं भाता मी वडते, कानस मी मारते. तू गप ऱ्हा. इचारीन तेवढंच सांग."

बाहेर तेलाचा वास सुटला, खोबरेल. ती किल्लीभोवती तेल सोडत असावी. मग हातोडीचे हलके ठोके पडू लागले, एका लयीत, आणि प्रत्येक ठोक्यामागे किल्ली किंचित हालवल्याचा आवाज. पंत दाराला कान लावून ऐकत होते. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी किल्ली सुटून बाहेर आली.

"राघो, हिला पीळ घातलास रे तू," ती म्हणाली. दगडावर किल्ली ठोकून सरळ केल्याचे आवाज आले. पुन्हा ती कुलपात गेली, फिरली आणि तिथेच थांबली.

किल्ली दोन-तीनदा हळूच हालवून पाहिल्याचा आवाज आला.

"ह्यो गंज नाय," बिट्रिस म्हणाली. "गंज असता तर करकरली असती. ही दबतेय. कुलपाची जीभ चौकटीत आवळलीय. आतून दाराला काय टेकलंय?"

"काही नाही. मीठ आहे."

"किती?"

पंतांनी अंधारात हात फिरवला. "कमरेपर्यंत आहे."

"अरे देवा! एवढं वजन दारावर, तर किल्ली फिरंल कशी? काढ ते. खालपासून काढ."

मघा ढीग आपणच खाली आणला, हे पंतांना आता कळलं. फावडं आत नव्हतं. एक फुटकी टोपली सापडली. ते मीठ भरून मागे फेकू लागले. टोपलीचा तळ गेला तेव्हा हातांनी उपसू लागले. भिजलेलं मीठ जड झालं होतं. बोटांची सालटी निघाली आणि त्यात मीठ शिरलं, तसे ते लहान मुलासारखे रडले. पण हात थांबले नाहीत. पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं होतं. खालचं मीठ विरघळलं की वरचं पुन्हा दाराकडे घसरायचं, पुन्हा उपसावं लागायचं.

"झालं का?"

"नाही हो!"

"घाई करू नको. मी हितंच हाय."

तिच्या बाजूलाही पाणी चढतच असणार, हे पंतांच्या मनात आलं. ती गेली नव्हती.

दाराचा खालचा भाग हाताला लागला तेव्हा त्यांनी हाक मारली. बिट्रिस म्हणाली, "आता तू मागं हो. दाराला हात लावायचा नाय. राघो, पाठ लाव आनि दार आत रेट. मी सांगेन तवर सोडू नको."

राघोचं कण्हणं ऐकू आलं. दार केसभर आत आलं. आणि त्या केसभरात किल्ली फिरली. एकदा, दोनदा.

दार उघडलं तसे पाणी, मीठ आणि पंत एकदमच बाहेर आले. उन्हाने त्यांना काही दिसेना. समोर गुडघाभर पाण्यात, लुगड्याचा काचा मारलेली, पांढऱ्या केसांची एक ठेंगणी बाई उभी होती. तिने त्यांचे हात धरून पाहिले.

"गोड्या पाण्यानं धू," म्हणाली. "आनि खोबरेल लाव."

दुसऱ्या दिवशी शेठजी आले आणि राघोला कामावरून काढायला निघाले. आत न पाहता कुलूप लावलंच कसं, म्हणून. राघो मान खाली घालून उभा होता. पंत हाताला फडकी बांधून आले होते. ते म्हणाले, "त्याची चूक नाही. मी आत झोपलो होतो. त्याने हाक मारली असती तरी मला ऐकू गेली नसती."

राघो कामावर राहिला. पंतांना मात्र त्या कोठाराच्या उंबऱ्यावर पाय ठेववेना. महिन्याभरात त्यांनी काम सोडलं आणि पुढे कल्याणच्या शाळेत मास्तरकी धरली. वर्गात खुर्ची दाराशी ठेवायची, एवढीच त्यांची अट होती.

त्याच दिवसांत घरी दिवेलागणीला त्यांची बायको सुमती पुढचं दार लावायची. पंत उठून ते उघडायचे. ती पुन्हा लावायची. असं आठवडाभर चाललं. शेवटी ती वैतागून म्हणाली, "अहो, मांजर शिरतं घरात. दुधाला तोंड लावतं."

तेव्हा पंतांनी तिला सगळं सांगितलं: अंधार, पाणी, चौथ्या श्लोकाला अडखळलेली रामरक्षाही.

मग ती स्वयंपाकघरात गेली, दुधावर झाकण ठेवून त्यावर वरवंटा ठेवला आणि पाटा उचलून आणून उघड्या दाराला टेकवला, वाऱ्याने ते लागू नये म्हणून.