करड्या काचेतून निसटलेला नावाडी

मी एक जुनी करडी काच आहे, मित्रांनो. तळहातावर मावेन एवढी गोल, पितळी कड्यात बसवलेली. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे मला लावत असत. आता माझ्या कडेचा डिंक सुटला आहे आणि एका बाजूने बुरशीची नक्षी चढत चालली आहे. मला कुणी विकत घेणार नाही आणि कुणी फेकूनही देत नाही. जबलपूरच्या नेपियर टाऊनमधल्या एका घरात, औषधांच्या कपाटात मी पडून असते. गोष्ट माझीच सांगायला बसते, पण सांगता सांगता ती विष्णुपंत पाग्यांची होऊन जाते.

माझा जन्म विलायतेतला. दोन सपाट काचांच्या मध्ये राखाडी रंग मिसळलेल्या सरसाचा एक पातळ पापुद्रा ठेवला, पारदर्शक डिंकाने तिघांना चिकटवले आणि भोवती पितळी कडे घातले. माझे काम प्रकाश अडवण्याचे. लाल असो, निळा असो, पिवळा असो, सगळ्यांना सारखेच अडवायचे. शंभर किरण आले तर एकालाच पलीकडे जाऊ द्यायचे.

तुम्ही म्हणाल, चित्र काढायला तर उजेड लागतो, मग तो अडवणारी काच कशाला? उजेड कमी झाला की भिंग जास्त वेळ उघडे ठेवता येते. तेवढ्या वेळात जे स्थिर असते ते चित्रात उमटते. जे हलते ते विरघळून जाते. खळाळणारे पाणी धुक्यासारखे मऊ दिसू लागते. या जादूसाठीच मला बनवले होते आणि मला तिचा फार अभिमान होता.

१९३१ सालच्या हिवाळ्यात मी जबलपूरच्या सदर बाजारातल्या एका दुकानात होते. शेजारी माझ्याच आकाराच्या आणखी दोन काचा होत्या. एके दुपारी विष्णुपंत आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई दुकानात आले. विष्णुपंतांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत सागरला आले आणि तिथून जबलपुरात स्थिरावले. गोलबाजारात त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. नवरानवरी, साहेबलोक, शाळेचे मास्तर, वीस वर्षे ते चेहरेच काढत होते. प्रमोदिनीबाई त्या चित्रांवर हाताने रंग भरत. त्यामुळे रंगाच्या बाबतीत त्यांची नजर नवऱ्याहून तयार होती.

"तिन्ही एक जैसी हैं, बाबूजी," दुकानदार म्हणाला. "काली काँच में क्या देखना?"

विष्णुपंतांनी खिशातून पांढरा कागद काढला, दारातल्या उन्हात धरला आणि पहिली काच त्यावर ठेवली.

"अहो, हे पाहा बरं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "कागद चहासारखा दिसून राहिला."

"मग नको ही. निळा प्रकाश खाईल ती. पाणी काळं पडेल."

"पण आपलं चित्र तर काळं-पांढरंच राहील न? काहून एवढं?"

"काळ्या-पांढऱ्यातच जास्त कळतं. निळं किती काळं नि पिवळं किती पांढरं, सगळा खेळ तिथंच आहे."

दुसरी काच त्यांनी तिरपी धरली आणि तिच्यात समोरच्या खिडकीचे गज पाहिले. काच हलवली की गज लाटेसारखे वाकत होते. काच सपाट नव्हती. अशा काचेतून दगडावरच्या बारीक शिरा पुसट होतात, असे त्यांनी बाईंना समजावून सांगितले. मग माझी पाळी आली. माझी सावली कागदावर पडली ती निव्वळ राखाडी. माझ्यातले गज सरळ राहिले. त्यांनी मला बोटाने कडेकडेने फिरवून पाहिले, कुठे बुडबुडा आहे का, डिंक सुटला आहे का, ओरखडा आहे का. अर्धी दुपार त्यात गेली. दुकानदार जांभया देत होता. शेवटी विष्णुपंतांनी मला रेशमी रुमालात गुंडाळले, तेव्हा माझी छाती अभिमानाने फुलून आली.

त्यांना मी हवी होते ती भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांसाठी. मध्यप्रांतातल्या छायाचित्रांचे एक प्रदर्शन नागपूरला भरणार होते. आधी दोनदा त्यांचे चित्र निवड न होता परत आले होते. "चेहरे काढून काढून मी विटलो," ते बायकोला म्हणत. "डोळे मिटतात, मान हलवतात, मग म्हणतात, आमचा फोटो चांगला नाही आला. दगड असं काही म्हणत नाही."

पौषात ते मला घेऊन भेडाघाटला गेले. बाई घरीच राहिल्या. दोन दिवसांसाठी त्यांनी एक नाव ठरवली होती. नावाड्याचे नाव गुमान. तो बोलका होता. कुठला खडक हत्तीसारखा दिसतो, कुठे पाण्याचा तळ लागत नाही, हे तो सांगत राही. विष्णुपंत हूं हूं करत आणि कड्यांकडे पाहत राहत. ऊन कुठून येते, सावली केव्हा सरकते, एवढ्यावरच त्यांचे चित्त होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मनाजोगता उजेड पडला. गुमानने त्यांना तिवई आणि कॅमेऱ्यासकट एका सपाट खडकावर उतरवले. विष्णुपंतांनी मला भिंगापुढे बसवले आणि काळ्या कापडाखाली डोके घातले.

गुमान नावेतून म्हणाला, "बाबूजी, हमारी फोटू आज तक किसी ने नहीं खेंची. इसमें हमारी भी आ जाएगी का?"

"हाँ, हाँ, आ जाएगी," कापडाखालून उत्तर गेले.

गुमानने नदीच्या पाण्याने तोंड धुतले. डोक्याचे फडके सोडून नीट बांधले. मग वल्हे मारत तो नाव समोरच्या पांढऱ्या कड्यापुढे घेऊन गेला आणि हातात बांबू धरून ताठ उभा राहिला. जमेल तितका तो स्थिर होता. पण प्रवाह नावेला हळूहळू पुढे नेत होता.

विष्णुपंतांनी डोके बाहेर काढले आणि त्याला पाहिले. बाजूला हो, असे सांगायला त्यांचा हात वर उठला होता. मग तो खाली आला. "असू दे," ते स्वतःशीच पुटपुटले, "काच आहे."

त्यांनी भिंग उघडले. घड्याळात पाहून चाळीस सेकंद मोजले. तेवढ्या वेळात गुमान माझ्यासमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहत गेला. मी माझे काम केले. ज्या काचेवर चित्र उमटते त्या प्लेटेपर्यंत मी कडा पोहोचवला. गुमान कुठल्याच एका जागी पुरेसा थांबला नाही, म्हणून त्याचे काहीच पोहोचले नाही.

"आ गई, बाबूजी?" त्याने लांबून ओरडून विचारले.

प्लेट पेटीत ठेवता ठेवता विष्णुपंत म्हणाले, "आ गई."

चित्र अप्रतिम उतरले. अंधारखोलीतून ओली प्रत बाहेर आली तेव्हा प्रमोदिनीबाईंनी ती दाराच्या उजेडात नेली. कड्यावरची शीर न् शीर दिसत होती आणि खाली नर्मदा दुधाच्या वाफेसारखी पसरली होती. "दगडाला हात लावून पाहावासा वाटून राहिला," त्या म्हणाल्या. त्या रात्री मला मऊ कापडाने पुसून डबीत ठेवले गेले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा दिवस होता.

फाल्गुनात एका दुपारी एक बाई स्टुडिओच्या पायरीशी येऊन उभी राहिली. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी होती. दोघींचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखले होते. भेडाघाटपासून त्या चालत आल्या होत्या.

"फोटूवाले बाबूजी यहीं रहते हैं?" तिने विचारले. "मैं गुमान की घरवाली हूँ, सुखरानी."

विष्णुपंतांना नाव लगेच आठवले नाही. तिने नावेची, खडकाची आठवण दिली तेव्हा ते म्हणाले, "अच्छा, अच्छा. कैसा है वो?"

"नहीं रहे. बुखार आया था. तीन दिन में चले गए." मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "बोलते थे, बाबूजी ने मेरी फोटू खेंची है. सारे घाट को बताते फिरे. मोड़ी रोज पूछती है. हमको एक बार दिखा दो, हम चले जाएँगे."

विष्णुपंत आत आले. मी दारासमोरच्या टेबलावरच उघडी पडले होते. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी बायकोला सगळे सांगितले, स्वतःच्या त्या दोन होकारांसकट.

प्रमोदिनीबाईंनी कुंचला उचलला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी काढून देते हो. नाव काढते, माणूस काढते, वरून रंग भरते. तिला कळणार नाही. तुम्ही फक्त सांगा, दिसायला कसा होता?"

"सावळा होता."

"ते असेलच. नाक कसं होतं? मिशा होत्या?"

विष्णुपंत खुर्चीवर बसले. त्यांनी डोळे मिटले, कपाळ दाबले. वीस वर्षे ज्यांनी चेहरेच काढले, ते एक चेहरा आठवायचा प्रयत्न करत होते.

"काहून बोलत नाही?"

"दोन दिवस त्याच्या नावेत बसलो मी," ते म्हणाले. "माझ्यापासून चार हातांवर होता तो. मिशा होत्या का नव्हत्या, मला सांगता येत नाही, प्रमोदिनी."

बाईंनी हातातला कुंचला खाली ठेवला. खोटे चित्र काढायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

विष्णुपंत ती प्रत घेऊन बाहेर गेले. सुखरानीने पदराला हात पुसून ती हातात घेतली. मुलगी टाचा उंचावून पाहू लागली. दोघींची नजर चित्रभर फिरली, पुन्हा फिरली.

"नाव किधर है?" मुलीने विचारले.

"इसमें नहीं है," विष्णुपंत म्हणाले. "ये काँच ऐसी है कि जो चलता है वो मिट जाता है. वो सामने थे, पर आए नहीं." मग थांबून म्हणाले, "काँच का क्या दोष! मुझे मालूम था कि नहीं आएँगे. फिर भी मैंने हाँ बोल दिया. गलती मेरी है, बाई."

सुखरानी रडली नाही, ओरडलीही नाही. तिने विचारले, "तो वो वहाँ खड़े थे?"

"हाँ. बिलकुल सीधे."

"कितनी देर?"

"चालीस सेकंड."

तिला सेकंद म्हणजे काय ते समजले नाही. विष्णुपंतांनी खिशातले घड्याळ काढले आणि काट्याकडे पाहत उभे राहिले. रस्त्यावरून एक टांगा गेला. मुलीने एकदा आईकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिले. चाळीस सेकंद फार मोठे असतात, मित्रांनो. ते त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले.

"इतनी देर," विष्णुपंत म्हणाले.

सुखरानीने मान हलवली. "बहुत देर खड़े रहे," ती म्हणाली. चित्र तिने परत त्यांच्या हातात दिले. प्रमोदिनीबाईंनी दोघींना आत बोलावून पाणी दिले, मुलीला जेवू घातले. विष्णुपंतांनी टांग्याने पोचवून देतो म्हटले तर सुखरानी नको म्हणाली. आल्या तशाच त्या दोघी चालत गेल्या.

पुढच्या आठवड्यात विष्णुपंत कॅमेरा घेऊन पुन्हा भेडाघाटला गेले. मीही सामानात होते, पण मला डबीतून काढले नाही. झाकण सैल होते, तेवढ्या फटीतून मला जे दिसले ते सांगते. त्यांनी घाटावर सतरंजी अंथरली आणि नावाडी, त्यांच्या बायका, मूर्ती घडवणारे, म्हातारेकोतारे, ज्याला हवे त्याचे चित्र काढले. प्रत्येकाला आधी नाव विचारले. चित्र काढण्यापूर्वी ते त्या माणसाकडे बराच वेळ नुसते पाहत, इतके की माणसे लाजत. सर्वांत शेवटी सुखरानी मुलीला घेऊन आली. ती सतरंजीच्या मधोमध बसली नाही. एका कडेला बसली आणि शेजारी माणूसभर जागा मोकळी ठेवली. स्टुडिओत असते तर विष्णुपंतांनी तिला मध्ये सरकायला सांगितले असते. इथे त्यांनी कॅमेराच थोडा वळवला आणि ती मोकळी जागा पुरतेपणी चित्रात घेतली.

नागपूरच्या प्रदर्शनात कड्यांच्या चित्राला पहिला क्रमांक मिळाला. किती शांत पाणी, असे सगळे म्हणाले. पदक आले, ते विष्णुपंतांनी ट्रंकेत टाकले आणि त्याच ट्रंकेत मलाही. त्यानंतर त्यांनी दगडांचे चित्र काढले नाही. कुणी घरी येऊन त्या चित्राची स्तुती केली की ते म्हणत, "त्यात एक माणूस आहे." पाहुणे चित्राजवळ जाऊन शोधत आणि हसत परत येत.

ट्रंकेत मी दहा पावसाळे काढले. ओल माझ्या डिंकात शिरली. मला राग येई. मी तर मला शिकवलेलेच काम चोख केले होते, मग शिक्षा का? विष्णुपंत गेल्यावर बाईंनी ट्रंक उघडली, मला उन्हात धरून पाहिले आणि मी कोरडी राहावी म्हणून औषधांच्या कपाटात आणून ठेवले. त्यांच्या हाताची ऊब लागली तेव्हा राग गेला. दुःख मात्र राहिले.

मित्रांनो, काचा ओलीत ठेवू नका, त्या बिचाऱ्या कुजतात. आणि आज घरी गेलात की जो माणूस तुमच्यासाठी दिवसभर इकडून तिकडे धावत असतो, त्याला घटकाभर आपल्यापुढे बसवा. त्याचे कपाळ पाहा, डोळे पाहा, हनुवटीवरचा तीळ पाहा. मला ते कधीच जमले नाही. तुमच्या डोळ्यांपुढे कुणी करडी काच बसवलेली नाही.