शंभर पेशी मोजायच्या होत्या

कोणी आजारी पडलं की भेटायला गेलंच पाहिजे, हा तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या घरचा न लिहिलेला कायदा. जो जात नाही, त्याचं नाव पुढची दहा वर्षं निघतं. या गोष्टीतल्या मावशींनी तर त्या कायद्याचं वकीलपत्रच घेतलं होतं. कपडे दुरुस्तीचं दुकान अर्ध्या दिवसात बंद करतील, पण भेट चुकवणार नाहीत.

म्हणून भाचीच्या नवऱ्याचा फोन आला, तेव्हा त्यांना तो झोंबला.

"मावशी, केमोमुळे तिच्या पांढऱ्या पेशी फार उतरल्यात. पंधरा दिवस घरी कोणीही नको."

"कोणीही म्हणजे परके हो. मी तिला खांद्यावर खेळवलंय."

"तुम्हीसुद्धा, मावशी."

"बरं, जावईबापू. तुम्ही म्हणाल तसं," मावशी म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी, जावई कामावर गेल्याचा अंदाज घेऊन, गेल्याच. घसा जरा खवखवत होता. पण खवखव म्हणजे काय आजार झाला? तोंडात गोळी धरली, भाचीच्या केस गळलेल्या डोक्यावरून तासभर हात फिरवला, तिला स्वतःच्या हाताने चार घास भरवले. निघताना म्हणाल्या, "नवऱ्याला सांगू नकोस हं. उगाच डोळे वटारील."

त्या भेटीनंतर दोन दिवसांनी जावयाचाच निरोप आला. "लॅब तुमच्या दुकानाशेजारीच आहे. तेवढा रिपोर्ट घ्याल?"

लॅबमधल्या बाईंचे पांढरे डगले मावशींनीच शिवलेले, त्यामुळे ओळख जुनी. बाई सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसल्या होत्या. डावा हात बटणांच्या एका छोट्या यंत्रावर.

"बसा ताई. मोजणी अजून झाली नाही. मशीनचा आकडा इतका कमी आला की म्हटलं, डोळ्यांनी बघावं. शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या असतात. एरवी पाच मिनिटांचं काम. आज अर्धा तास झाला, बावीस झाल्यात."

मावशींना काही उमगलं नाही. बाईंनी काच बदलली. "ही माझ्या रक्ताची. आधी ही बघा."

मावशी वाकल्या. फिकट गुलाबी टिकल्यांचा गालिचा पसरला होता, आणि त्यात मधूनमधून जांभळे ठिपके. "हे जांभळे म्हणजे पांढऱ्या पेशी?"

"रंग आम्ही चढवलाय, नाहीतर दिसायच्याच नाहीत. तो बघा, आत तीन तुकडे."

"आणि मध्ये बारीक दोरा. कच्चा टाका घातल्यासारखा."

"तो न्यूट्रोफिल. जंतू शिरला की पहिला धावतो. रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतो, जंतूला गिळतो आणि मरतो. आपण जखमेतला पू नाक मुरडून पुसतो ना, त्यात बहुतेक हेच असतात."

मावशींनी स्वतःचं बोट पाहिलं. गेल्या महिन्यात सुई आरपार गेली होती. पिकलं, फुटलं, भरलं. हे कुणी केलं, असा प्रश्न त्यांना पन्नास वर्षांत पडला नव्हता.

बाई काच सरकवत राहिल्या. गोल, गच्च भरलेला लिम्फोसाइट: याच्यातले काही जुना शत्रू वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. सगळ्यांत मोठा, घडी पडल्यासारख्या गाभ्याचा मोनोसाइट: मेलेल्यांचा कचरा उचलणारा. नारिंगी मण्यांनी भरलेला इओसिनोफिल: जंतांशी झुंजतो, आणि ॲलर्जीतही त्याचा हात असतो. काळ्या-जांभळ्या दाण्यांचा बेसोफिल काही सापडेना. "तो क्वचितच दर्शन देतो," बाई हसल्या. "हाडांच्या आतल्या मगजात रोज अब्जावधी नव्या पेशी तयार होतात, ताई. आपण झोपलेलो असतो तेव्हाही."

मावशी पुन्हा काचेवर वाकल्या. एवढा कारखाना अंगात चालू, आणि मालकिणीला पत्ता नाही!

मग बाईंनी भाचीची काच लावली. गुलाबी गालिचा होता. बाई काच सरकवत गेल्या, सरकवत गेल्या. जांभळं काही दिसेना.

"कुठेत?" मावशींचा आवाज खाली गेला.

"जवळजवळ नाहीतच. औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतं, त्यात याही जातात. येतील परत, आठ-दहा दिवसांत. तोवर तिच्या अंगात जंतूला अडवणारं जवळजवळ कोणी नाही. तुमच्या-माझ्या नाकातलं पडसं तिथं..." बाई थांबल्या. मावशी खोकत होत्या. "ताई, तुम्ही नाही ना गेलात?"

मावशींच्या तोंडात गोळी तशीच राहिली. खोटं बोलणं सोपं होतं; भाची सांगणार नव्हती. त्यांनी फोन लावला.

"जावईबापू, मी परवा आले होते. तुम्ही नसताना. घसा खवखवत असताना. तिला हाताने भरवलं. काय बोलायचं ते मला नंतर बोला, आधी तिचा ताप बघा."

पलीकडून एवढंच आलं, "बघतो."

जावई तडक घरी पोचला आणि त्याने दर तासाला ताप पाहायला सुरुवात केली. पाचच्या सुमारास पारा चढला आणि सहाला भाची रुग्णालयात होती, शिरेतून औषध सुरू. डॉक्टर म्हणाले, "अशा रुग्णाचा ताप अंगावर काढायचा नसतो. लवकर आणलंत, म्हणून हाताशी वेळ आहे."

पाच दिवस मावशींनी दुकानात एकही टाका सरळ घातला नाही. सहाव्या दिवशी ताप उतरला, पेशी चढू लागल्या. जावयाने आपणहून फोन केला. "मावशी, रागावलो होतो. अजून थोडा आहे. पण तुम्ही सांगितलं नसतं, तर मी ताप संध्याकाळी निवांत बघितला असता. 'औषधाची ग्लानी' म्हणून तिला झोपू दिलं असतं."

त्या दुपारी भाचीची जाऊ दुकानात आली. "चला मावशी, भेटून येऊ. लोक काय म्हणतील?"

"लोकांना माझ्याकडे पाठव," मावशी म्हणाल्या. "आणि तू शेवटचं कधी शिंकलीस ते सांग."

मंडळी, आजाऱ्याला भेटायला जाणं हे प्रेमच आहे. पण त्याच्या अंगातले राखणदार गळून पडलेले असतात, तेव्हा उंबऱ्याबाहेर थांबणं हे त्याहून अवघड प्रेम. आणि पाऊल आत पडलंच असेल, तर तसं वेळेवर सांगून टाकावं. गेलेली अब्रू माणूस पुन्हा कमावतो. गेलेला वेळ कोणत्याच मगजात नव्याने तयार होत नाही.