रेक्झिनची खुर्ची

खुर्चीला वास येतो हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघांनीही तोंडाला कुलूप लावलं होतं. सासूबाई दिवसभर त्याच खुर्चीत बसत. अधूनमधून गादी ओली व्हायची. "पाणी सांडलं गं माझ्याकडून," त्या म्हणायच्या. बाजूच्या स्टुलावर ग्लास असायचाच, त्यामुळे सून "असू दे, आई" म्हणत फडकं आणायची. सुनेच्या नवऱ्याने एकदा खुर्ची भंगारात द्यायची भाषा केली, तेव्हा सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

शेवटी सुनेनेच कंबर कसली. कोपऱ्यावरच्या सोफेवाल्या काकांच्या दुकानात खुर्ची नेऊन ती तीन शनिवार शिकली. जुन्या पिना उपटताना बोटं सोलवटली, एकदा तर सूनबाईंनी स्वतःची ओढणीच फळीला ठोकली, आणि कोपऱ्याची घडी काही केल्या बसेना. कापड आधी मधोमध ठोकायचं, मग कडेला जायचं, घाई केली की चुण्या आल्याच, असं काकांनी समजावलं. खुर्चीत बसणार कोण, हेही त्यांनी विचारलं. तिला सांगायची लाज वाटली. घरचंच कुणीतरी, असं मोघम म्हणून तिने तपकिरी रेक्झिन निवडलं. पुसलं की झालं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

खुर्ची घरी आली तेव्हा सून नुसती मिरवत होती. सासूबाईंनी बैठकीवरून हात फिरवला. दवाखान्यातल्या बाकासारखी गुळगुळीत बैठक. त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर जाऊन बसल्या.

चार दिवस त्या दिवसभर तिथेच. पाठ दुखत असणार, पण खुर्चीकडे फिरकल्या नाहीत. पाणी पिणंही जवळजवळ सोडलं. सुनेला स्वतःची चीड आली.

पाचव्या दिवशी तिने काकांना सगळं खरं सांगून टाकलं.

"हे आधी बोलायचंस ना," काका म्हणाले. "असं असलं की रेक्झिन आत राहू द्यायचं आणि वर कापड चढवायचं. कुणाला कळतसुद्धा नाही."

तिने जुन्यासारखंच फुलाफुलांचं कापड आणलं, चेन लावून धुवायला निघेल अशी खोळ शिवली. एक कोपरा वाकडाच राहिला. शेजारी भरलेला ग्लास ठेवला. संध्याकाळी सासूबाई आल्या आणि कापडावरच्या फुलांवरून हात फिरवून बसल्या.

तासाभराने हाक आली. "पाणी सांडलं गं माझ्याकडून."

सून आली. ग्लास काठोकाठ भरलेला होता. सासूबाईंचंही त्याच वेळी तिकडे लक्ष गेलं आणि त्यांनी मान खाली घातली.

सुनेने ग्लास उचलला आणि अर्धं पाणी खुर्चीच्या कडेला, त्या नव्या कापडावर ओतलं.

"हो, सांडलंय खरं," ती म्हणाली. "उठा आई, खोळ धुवायला टाकते."