जयवंता कोणाची

दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलेले भैयाजी कधी रिकाम्या हाताने परतले नाहीत. गर्दीत चप्पल हरवली तरी चालेल, पिशवीत एक पुस्तक हवंच, हा नाचणगावच्या त्यांच्या घराचा रिवाज. लेक मेघा तिसरीत होती तेव्हा त्यांनी एक जाडजूड कादंबरी आणली. स्टॉलवर माणसांचा असा रेटा होता, की वरचं पुस्तक उचललं, पैसे दिले आणि बाहेर पडले. घरी येऊन पाहतात तो काय, कादंबरीचा दुसरा भाग! मेघाची माय, कुंताबाई, हसून हसून बेजार झाली. वऱ्हाड आणलं आणि नवरदेव विसरले, म्हणाली.

पुस्तक बदलायला परत नागपूर कोण गाठणार? कापसाच्या जिनिंगमध्ये दिवसभर रुई वाहून भैयाजींचे डोळे संध्याकाळी चुरचुरायचे, म्हणून वाचायचं काम मेघाकडे आलं. ती ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचायची, आणि भैयाजी दर दोन पानांनी विचारायचे, याच्या अगोदर काय झालं असेल गं? मेघाला तरी कुठे ठाऊक होतं? ती रचून सांगायची.

त्या दुसऱ्या भागात एका म्हातारीचा उल्लेख होता, अवघ्या एका ओळीचा. आमची म्हातारी गेल्यापासून दाराची कडी कोणी वाजवली नाही, एवढाच. मेघाने त्या म्हातारीला जयवंता नाव दिलं. एक लंगडी शेळी दिली, कमरेला तंबाखूची चंची दिली, आणि कोणालाही न सोडणारी जीभ दिली. जयवंता शेळीला सासूबाई म्हणायची. लोक तिच्या दाराची कडी वाजवायचे ते तिचा चहा प्यायला आणि चहासोबत शिव्या खायला. भैयाजी पोट धरून हसायचे. उद्या पुन्हा जयवंताचंच सांगजो, असं बजावूनच झोपायचे.

पुढे मेघाने बुद्धविहारातलं पुस्तकांचं कपाट संपवलं, मग पुलगावचं वाचनालय. लेखक तिला नात्यातलेच वाटायचे. कोणी मामासारखा थट्टेखोर, कोणी थोरल्या बहिणीसारखी कान पिळणारी. पण सगळ्यांत पहिला मान त्या दुसऱ्या भागाच्या लेखकाचा. तो कधीचाच वारला होता. पहिला भाग तिने जिथे जाईल तिथे विचारला, कुठेच मिळाला नाही.

लग्न होऊन ती हिंगणघाटला गेली, संबोधी जन्माला आली, आणि गंमत अशी की लिहायला तिला तेव्हाच सुचलं. एका पायाने पाळण्याची दोरी ओढायची, मांडीवर कागद. कुकर होईस्तोवर एक परिच्छेद. लंगोट वाळत घालता घालता मनात पुढचं वाक्य जुळवायचं आणि लेक उठायच्या आत कागदावर उतरवायचं. कितीतरी पानांवर दुधाचे डाग पडले. अशी ती कादंबरी पुरी झाली, 'जयवंता'. नागपूरच्या एका प्रकाशकाने होकारही दिला. दिवाळीनंतर छापायला घेणार होते.

आणि यंदा दसऱ्याला मेघा लेकीला घेऊन माहेरी आलेली असताना भैयाजींनी पिशवीतून पहिला भाग काढला. जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडला म्हणे. त्यांचा चेहरा नातीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा होता तसा फुलला होता.

मेघाच्या मनात मात्र वेगळंच आलं. यात जयवंता निघाली तर? त्या एका ओळीमागे लेखकाने अगोदरच ती बाई उभी करून ठेवली असेल, तर आपलं पुस्तक उष्टं. ज्याच्या ओसरीवर बसून अक्षरं शिकलो, त्याच्याच घरचं भांडं उचलल्यासारखं. तसं झालं तर प्रकाशकाला नाही म्हणून कळवायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं, आणि बाबांना सांगितलंही.

भैयाजींनी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "निंगाली तं त्याची, नाई निंगाली तं तुयी. वाचल्याबिगर भेतं काऊन?"

मग रोज दुपारी संबोधी निजली की वाचन सुरू. मेघा वाचायची, भैयाजी भिंतीला टेकून ऐकायचे, कुंताबाई मेथी निवडत बसायची. पुस्तकाच्या मध्यावर म्हातारी आली. मेघाने ओळीखाली बोट ठेवलं आणि ती वाचत राहिली. म्हातारी माडीवरून उतरली. गावच्या जमीनदाराची, मालगुजाराची विधवा, हातात चांदीच्या मुठीची काठी, सबंध गाव तिच्या धाकात. लोक तिच्या दाराची कडी वाजवायचे ते भीतीने, रोजच्या हजेरीला. ती मेली आणि गाव मोकळं झालं. त्या ओळीचा अर्थ हा होता तर! मेघाने ते पान पुन्हा वाचलं. किती खणखणीत लिहिलं होतं त्याने! आपल्याला सात जन्मांत असं सुचलं नसतं, असं तिच्या मनात आलं, आणि तसं वाटताना बरंही वाटलं.

भैयाजी मात्र रुसल्यासारखे बसले होते. "हे कोन बाई होय? शेळी कुठं गेली?"

"त्या लेखकाले शेळी परवडली नसंन," कुंताबाई मेथीतून मान वर न करता म्हणाली.

मेघाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. इतकी वर्षं ती जयवंताला मागून आणलेल्या पातेल्यासारखी जपत होती, परत द्यावं लागेल म्हणून. ती तर घरचीच निघाली.

वाचून झाल्यावर भैयाजी पुस्तक घेऊन कपाटापाशी गेले. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला दुसरा भाग तिथे होता. त्याच्या डाव्या अंगाला त्यांनी पहिला भाग ठेवला, पण चिकटवून नाही. मध्ये बोटभर फट सोडली. खांद्यावरचा रुमाल काढून त्याची नीट घडी केली आणि एसटीच्या खिडकीतून जागा धरतात तशी त्या फटीत खोचली.

"राहू दे तो," ते कुंताबाईला म्हणाले. "कोनी इचारलं तं सांगजो, दिवाळीनंतर जयवंता येऊन राह्यली."